उलटा पूल

दिवसभर मोजायच्या नोटा, ज्या आपल्या नव्हेत,
आणि सुटताना द्यायची झडती –
खिसे, डबा, चपलांचे तळ.
एकतीस वर्षांत माझ्याकडे काही सापडलं नाही.
एकदा फक्त अंगठ्याच्या नखात अडकलेली काळी शाई
पहारेकऱ्यानं उजेडात धरून पाहिली,
म्हणाला, ही आपल्याकडची नाही.
म्हटलं, ही माझी.

जेल रोडला, घरी, ओटा मोकळा होतो साडेनऊनंतर.
लिनोलियम भंगारातलं; देवळालीच्या कुठल्याशा
दवाखान्याची जमीन होती म्हणे ती.
तुकडा तव्यावर जरा कोमट केला
की पातं साईत जावं तसं जातं.
कोरायचं उलटं. डावं ते उजवं.
शाई फिरवायची, कागद टाकायचा,
आणि कागदाच्या पाठीवरून वरणाची पळी,
गोल गोल, दाबून,
दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळावं तशी.

दारणेवरचा पूल.
द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांवर झोपलेला हमाल.
मुक्तिधामबाहेरच्या चपला, त्यातली एक एकटी.
एकेका चित्राचे बारा ठसे.
तिकडे एक नोट जरा वेगळी निघाली तर बाद;
इकडे दोन ठसे एकसारखे निघाले
की मलाच संशय येतो.

खाटेखालची पेटी भरली.
मंदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"हे सगळं कुणासाठी, पण?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.
मला उत्तर आलं नाही,
दुसऱ्या दिवशीही आलं नाही,
मग त्या हिवाळ्यात मी काही कोरलंच नाही.
पळी परत वरणात गेली.
दोन दिवस वरणाला शाईचा वास येत होता,
कुणी काही बोललं नाही.

सिन्नर फाट्याला स्कूटर पंक्चर झाली
आणि सकाळपासून लाखो मोजलेल्या माणसाकडे
चाळीस रुपये निघाले नाहीत.
पिशवीत घडी पडलेला एक ठसा होता, पुलाचा.
हारूणभाईंना म्हटलं, उद्या देतो, तोवर हे ठेवा.
तारण म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर भिंतीवर,
लोंबणाऱ्या ट्यूबांच्या मधोमध,
सोल्यूशननं चिकटवलेला माझा पूल –
उलटा.
मी पैसे दिले. जीभ चावली.
ते घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधत होते,
पाण्यावरची नजर न काढता म्हणाले,
"पाण्यातला पूल झकास उतरलाय.
चेहेडीला पाणी थांबलं की अगदी असाच दिसतो.
वरचा काढला नाहीत, बरं केलंत.
वरचा काय, सगळेच बघतात."

तीस वर्षं त्या पुलावरून मी गेलोय.
खाली वाकून एकदाही पाहिलं नव्हतं.

मंदाच्या प्रश्नाला उत्तर अजून नाही.
त्या रात्री वरणातली पळी काढून धुतली, एवढंच.
ती म्हणाली, "नवी आणा आता एक."
आता बारातले अकरा घराबाहेर जातात.
मीटर बघायला येणाऱ्या पोरानं हमाल नेला;
त्याचा बाप तसाच झोपतो म्हणे, तोंडावर हात ठेवून.
एक परत आला, हळदीच्या बोटांसकट:
"चांगलाय, पण समजला नाही हो."
तो मी ठेवून घेतला. हळद बरी दिसते त्यावर.

निवृत्तीच्या दिवशी डब्यात भाकरी नव्हती.
पहारेकऱ्यानं झाकण उघडलं
आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडे काहीतरी सापडलं.
त्यानं कागद उलगडला. असा धरला, तसा धरला.
मागे रांग खोळंबलेली, कुणीतरी शिट्टी मारली.
"काका," तो हळूच म्हणाला,
"ह्याची वरची बाजू कुठली?"